वजन उतरल्यावर भूक का खवळते? लेप्टिन, घ्रेलिन, इन्सुलिन आणि चाचण्यांबद्दल प्रश्न

टीपकागद

महिला बचतगटांसाठी आहारावरचं चार पानी पत्रक लिहायचं आहे. त्यात हार्मोनांचं एक पान हवं, पण वाचावं तितका गुंता वाढतोय. जाणकारांनी मदत करावी.

लेप्टिन चरबीच्या पेशींतून येतं आणि भूक कमी करतं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मग ज्याच्या अंगावर चरबी जास्त त्याला भूक कमी लागायला हवी. तसं होत नाही, ते का? दुसरं, दहा-बारा किलो उतरवल्यावर भूक आधीपेक्षा वाढते, ती किती काळ टिकते? तिसरं, लॅबवाले लेप्टिन, कॉर्टिसोल, थायरॉईड, उपाशीपोटी इन्सुलिन असं एकत्र पॅकेज विकतात. त्यातलं खरंच कामाचं काय? आणि दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत जेवलं की इन्सुलिन कमी होऊन चरबी जळते, हे कितपत बरोबर आहे?

रानवारा

पहिला प्रश्न कळला की बाकीचे सोपे जातात, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत १९४९ साली उंदरांचा एक वाण सापडला. ही पिल्लं खात सुटत आणि नेहमीच्या उंदराच्या तिप्पट वजनाची होत. या वाणाला 'ओबी' म्हणतात. पुढे तसाच लठ्ठ, शिवाय मधुमेह असलेला 'डीबी' वाण मिळाला. डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांचं रक्त एकमेकांत फिरेल अशा पद्धतीने त्यांची शरीरं जोडली. ओबी उंदीर साध्या उंदराला जोडला तेव्हा ओबीचं खाणं कमी झालं. डीबी उंदीर साध्या उंदराला जोडला तेव्हा मात्र साधा उंदीर खाणं सोडून उपासमारीने मेला. म्हणजे रक्तातून भूक थांबवणारा एक निरोप फिरत होता. ओबीमध्ये तो निरोप तयारच होत नव्हता. डीबीमध्ये तो भरपूर होता, पण ऐकणारा रिसेप्टर बिघडलेला होता. निरोप्या कोण ते १९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने शोधलं: १४६ अमिनो आम्लांचं प्रथिन, लेप्टिन. ग्रीकमध्ये 'लेप्टोस' म्हणजे सडपातळ.

१९९७ मध्ये केंब्रिजच्या गटाने पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबातल्या दोन मुलांत हाच दोष दाखवला. आठ वर्षांची मुलगी ८६ किलोची, दोन वर्षांचा मुलगा २९ किलोचा, आणि रक्तात लेप्टिन जवळजवळ नाही. अशा मुलांना लेप्टिनचं इंजेक्शन रोज दिलं की भूक ताळ्यावर येते आणि चरबी उतरते. तेव्हा अनेकांना वाटलं की लठ्ठपणावर औषध मिळालं. सर्वसाधारण लठ्ठ माणसांवर चाचण्या झाल्या तेव्हा मोठ्या मात्रेतही परिणाम बेताचा आणि माणसागणिक वेगळा आला, कारण त्यांच्या रक्तात लेप्टिन आधीच जास्त होतं. चरबी वाढली की लेप्टिन वाढतं, पण ते मेंदूत जाण्याच्या वाटेला मर्यादा आहे, आणि हायपोथॅलॅमसमधल्या (मेंदूतला भूक सांभाळणारा भाग) पेशी सततच्या निरोपाला दाद देणं कमी करतात. यालाच 'लेप्टिन रेझिस्टन्स' म्हणतात.

पत्रकात इथेच थांबू नका, कारण खरी मेख पुढे आहे. लेप्टिनचं मुख्य काम जास्त खाणाऱ्याला थांबवणं नाही. साठा कमी होतोय हे मेंदूला कळवणं हे त्याचं काम. कणगी भरलेली आहे असा निरोप रोज आला तर घरात कुणी हलत नाही. तळ दिसू लागला की मात्र सगळं घर उठून बसतं. मेंदूचंही तसंच. लेप्टिन जास्तवरून आणखी जास्त झालं तर फारसं बिघडत नाही, पण खाली गेलं तर प्रतिसाद जोरात येतो.

ते खाली जातंही लगेच. खाणं एकदम तोडलं तर चरबी अजून जवळपास तेवढीच असताना एक ते तीन दिवसांतच लेप्टिन चरबीच्या मानाने कितीतरी जास्त उतरतं. मग हायपोथॅलॅमसमधल्या भूक वाढवणाऱ्या चेतापेशी जाग्या होतात, भूक शमवणाऱ्या मंदावतात. थायरॉईडचं कार्यरत हार्मोन टी-३ कमी होतं, त्यामुळे थंडी वाजते. स्नायू तेच काम कमी इंधनात करू लागतात. बीजांडकोशाकडे जाणारे संकेतही मंदावतात. कडक डाएट करणाऱ्या मुलीची पाळी चुकते त्यामागे हेच असतं. बचतगटातल्या मुलींसाठी ही ओळ जरूर घाला: डाएट चालू असताना तीन महिने पाळी आली नाही तर आधी गरोदरपणाची चाचणी, आणि ती नकारात्मक आली तर डाएट थांबवून डॉक्टरांकडे.

कोलंबिया विद्यापीठातल्या प्रयोगांत दहा टक्के वजन उतरवलेल्या लोकांना लेप्टिनची इंजेक्शनं देऊन पातळी पूर्वीइतकी केली, तेव्हा मंदावलेला ऊर्जाखर्च आणि थायरॉईड हार्मोन पुष्कळसे पूर्वपदावर आले. म्हणजे वजन उतरलेलं शरीर स्वतःला अर्धपोटी समजत असतं.

साजिरी

रानवारा यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. दुसऱ्या प्रश्नावर लिहिते.

लेप्टिन हा दिवसांचा-आठवड्यांचा हिशोब आहे. एका जेवणाचा हिशोब जठर आणि आतडं ठेवतं. जठराच्या वरच्या भागातून घ्रेलिन येतं. जपानमध्ये १९९९ साली सापडलेलं हे हार्मोन भूक वाढवतं, जेवणाआधी चढतं आणि जेवल्यावर उतरतं. ते सवयीच्या वेळेला चढतं. म्हणून रोज अकराला खाणाऱ्याला अकराला भूक लागते, आणि ती वेळ टळली की बऱ्याचदा भूक आपोआप ओसरते. जेवणाच्या वेळा बदलल्या की पहिले काही दिवस जड जातात ते यामुळेच. भूक शमवणारी हार्मोनं आतड्यातून येतात: लहान आतड्याच्या सुरुवातीला स्निग्ध आणि प्रथिनं पोचली की सीसीके सुटतं, आणि पुढच्या भागातून पीवायवाय व जीएलपी-१. 'आता पुरे' हा संकेत मेंदूपर्यंत पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. सात मिनिटांत ताट संपवलं तर तो उशिरा येतो.

आता किती काळ? २०११ मध्ये मेलबर्नच्या गटाने ५० जणांना दहा आठवडे अतिशय कमी उष्मांकाच्या आहारावर ठेवलं. वजन सरासरी साडेतेरा किलोने उतरलं. लेप्टिन, पीवायवाय आणि सीसीके घसरले, घ्रेलिन वाढलं. एक वर्षाने मोजलं तेव्हाही हा बदल पुष्कळ अंशी तसाच होता आणि भूक आधीपेक्षा जास्तच होती. म्हणून 'महिनाभर कळ काढा, मग सवय होते' असं पत्रकात लिहू नये. तसं होत नाही, आणि वाचणारी बाई स्वतःलाच दोष देत बसते.

अमेरिकी संशोधक केविन हॉल यांच्या गटाचा अंदाज हिशोबाला सोपा आहे. उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, आणि भुकेची ओढ रोज सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरले तर खर्च २०० ते ३०० कॅलरींनी कमी, आणि ओढ मात्र हजाराच्या घरात. वजन परत चढण्यात मोठा वाटा खर्चाचा नसतो, भुकेचा असतो. 'मेटाबॉलिझम मंद झाला' ही तक्रार म्हणून अर्धीच खरी. चाळिशीत तो आपोआप मंदावतो हा समजही टिकलेला नाही. २०२१ मध्ये ६,४०० हून अधिक लोकांची मोजमापं प्रसिद्ध झाली. शरीराच्या आकारमानाचा हिशोब धरला तर २० ते ६० या वयात ऊर्जाखर्च जवळपास स्थिर राहतो.

यावर करता येण्यासारखं पुष्कळ आहे. सुरुवातीलाच तूट फार मोठी ठेवू नये. रोज ५०० कॅलरींची तूट, म्हणजे आठवड्याला साधारण अर्धा किलो, पुरे. प्रथिनं दर किलो वजनामागे १.२ ते १.६ ग्रॅम (मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारूनच). आठवड्यातून दोन-तीनदा वजनाचा व्यायाम, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

आपल्याकडे बिनसतं ते प्रथिनांच्या मोजणीत. 'रोज वरण खातो' म्हणतात, पण पातळ वरणाच्या वाटीत प्रथिनं जेमतेम तीन-चार ग्रॅम. भिजवण्याआधी ४० ग्रॅम मटकी घेतली तर ९ ग्रॅम, ज्वारीच्या एका मध्यम भाकरीत ५, दीडशे ग्रॅम दह्यात ५, २५ ग्रॅम शेंगदाण्यांच्या कुटात ६. हे सगळं एका जेवणात आलं तर २५ ग्रॅम होतात, आणि एका वेळी साधारण तेवढी हवीत. अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये सुमारे १८, पन्नास ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांत २६. शेंगदाण्याचं कूट मात्र मोजूनच घ्या, २५ ग्रॅममध्ये दीडशेच्या आसपास कॅलरी येतात.

झोपेची ओळही हवी. शिकागोच्या २००४ च्या प्रयोगात १२ तरुणांना दोन रात्री फक्त चार तास झोपू दिलं. दहा तासांच्या झोपेशी तुलना करता लेप्टिन १८ टक्के कमी, घ्रेलिन २८ टक्के जास्त आणि भूक २४ टक्के जास्त. प्रयोग छोटा आहे, पण रात्रपाळी करणाऱ्या बायकांना हे सांगायला हवं.

टीपकागद

दोघांचेही मनापासून आभार. कणगीचं उदाहरण पत्रकात घेते, चालेल ना? आता इन्सुलिन आणि चाचण्या. आणि आणखी एक: बारीक दिसणाऱ्या बायकांनाही मधुमेह निघतो, तो या सगळ्यात कुठे बसतो?

मोजपट्टी

इन्सुलिनपासून सुरू करतो.

इन्सुलिन चरबी साठवतं हे खरं. चरबीच्या पेशीत एक एन्झाइम साठा फोडून फॅटी ॲसिड बाहेर काढतं आणि इन्सुलिन त्याला रोखतं. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन न मिळालेला रुग्ण भरपूर खाऊनही वाळत जातो तो यामुळेच. पण यावरून 'इन्सुलिन कमी ठेवलं की खाणं कितीही असो, चरबी जळते' असा निष्कर्ष काढला जातो, तो चुकीचा आहे.

हे तपासलं गेलं आहे. २०१५ मध्ये १९ लठ्ठ व्यक्तींना प्रयोगशाळेच्या वॉर्डात ठेवून, प्रत्येक घास मोजून, एकदा फक्त कर्बोदकं कमी केली आणि एकदा फक्त स्निग्ध. तूट सारखीच, प्रत्येकी सहा दिवस. कर्बोदकं कमी केल्यावर इन्सुलिन २२ टक्के घटलं, स्निग्ध कमी केल्यावर फारसं घटलं नाही. तरी शरीरातली चरबी रोज कमी झाली ती पहिल्या प्रकारात ५३ ग्रॅम आणि दुसऱ्यात ८९ ग्रॅम. सहा दिवसांचा प्रयोग म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, पण तूट महत्त्वाची हे यातून स्पष्ट दिसतं.

'खाल्लं की दर वेळी इन्सुलिनचं ठरावीक माप सुटतं, मग कमी वेळा खा' हा युक्तिवादही बरोबर नाही. माप ठरावीक नसतं. रक्तातली साखर किती आणि किती वेगाने चढली त्यावर ते ठरतं, शिवाय दिवसभरातलं सुमारे निम्मं इन्सुलिन न खाताही सुटत असतं. मग दोनदा जेवून वजन का उतरतं? मधलं सगळं बंद होतं म्हणून: चहाबरोबरची बिस्किटं, संध्याकाळचा फरसाण, दोन चमचे साखरेचे चार चहा. ज्यांना ते जमतं त्यांनी खुशाल करावं, पद्धत उपयोगी आहे. फक्त त्या दोन जेवणांत प्रथिनं पुरी बसवावी लागतात, साजिरी यांनी सांगितलेली पंचवीस ग्रॅमही मग कमी पडतात.

एक इशारा पत्रकात ठळक अक्षरांत हवा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्रा बदलून घेतल्याशिवाय जेवण वगळू नये. साखर ७० च्या खाली गेली, घाम, थरथर, गोंधळ झाला तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून लगेच, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजणी, आणि तरीही कमी असेल तर परत तेवढीच साखर. डापाग्लिफ्लोझिनसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांवर असणाऱ्यांनी लांब उपास केले तर साखर फार न वाढताही कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊ शकतो. मळमळ, उलट्या, धाप अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना आणि मुलांना दोन जेवणांचा प्रयोग सांगूच नका.

बारीक दिसणाऱ्यांचा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. ही तुलना २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या अभ्यासात नवजात बाळांचं सरासरी वजन २.७ किलो निघालं, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांचं पोट, स्नायू सगळं लहान, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी बरीचशी टिकून. पुण्याच्या बाळांच्या नाळेतल्या रक्तात वजन कमी असूनही लेप्टिन जवळपास तेवढंच आणि इन्सुलिन जास्त आढळलं. चरबी पोटात, यकृताभोवती साठली की वजनकाट्यावर ती कळत नाही.

म्हणून पत्रकात वजनापेक्षा टेप महत्त्वाची. खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, कातडीवर, श्वास सहज सोडल्यावर मोजायचं. टेप मागे खाली घसरू देऊ नका, साडीच्या निरीवरून मोजू नका. भारतीय बायकांसाठी ८० सेंटीमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही मर्यादा. बीएमआयमध्येही आपल्यासाठी २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात.

आता पॅकेज. लेप्टिन मोजण्याचा मोठ्या माणसाला काही उपयोग नाही. आकडा फक्त अंगावर चरबी किती हे सांगेल. जन्मानंतर काही महिन्यांतच न शमणारी भूक आणि झपाट्याने वाढणारं वजन असेल अशा बाळात मात्र ते मोजायला हवं.

टीएसएच ही थायरॉईडची रक्तचाचणी करावी, पण अपेक्षा बेताची ठेवावी. थायरॉईड मंदावल्याने वजन वाढतं ते बहुधा दोन ते पाच किलो, आणि त्यातही मोठा भाग पाणी आणि क्षार. वीस किलोचं खापर थायरॉईडवर फोडता येत नाही. गोळी चालू असेल तर ती उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, चहा-कॉफी अर्ध्या ते एक तासाने, लोह आणि कॅल्शियम चार तासांच्या अंतराने. लोहाच्या गोळ्या घेणाऱ्या कितीतरी बायका दोन्ही गोळ्या एकत्र गिळतात आणि मग टीएसएच खाली येत नाही म्हणून मात्रा वाढत जाते. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत पुन्हा तपासणी करण्यात अर्थ नाही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर चाचणीआधी किमान दोन दिवस बंद ठेवा, त्याने आकडा चुकतो.

दिवसात कोणत्याही वेळी मोजलेलं कॉर्टिसोल निरुपयोगी. कुशिंगचा (शरीरात कॉर्टिसोल फार वाढण्याचा आजार) संशय असेल तर रात्री अकराला डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी १ मिलिग्रॅम आणि सकाळी आठला रक्त, कॉर्टिसोल १.८ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आलं तर आजार नाही असं धरतात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खोटा जास्त येतो. संशय केव्हा घ्यायचा? पोटावर रुंद, जांभळट पट्टे, जरा लागलं की काळंनिळं, उकिडवं बसल्यावर उठता न येणं. सांधेदुखीच्या बिनानावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असू शकतं, त्यानेही चेहरा-पोट सुजतं. अशी पुडी दीर्घकाळ घेतली असेल तर एकदम बंद करू नये. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल झोपलेलं असतं, रक्तदाब कोसळू शकतो.

शरीर इन्सुलिनला किती दाद देतं याचा एक आकडा उपाशीपोटी इन्सुलिनवरून काढतात: साखर गुणिले इन्सुलिन, भागिले ४०५. समजा साखर ९९ आणि इन्सुलिन १५, तर ३.७. पण दोन लॅबच्या इन्सुलिनच्या आकड्यांत बराच फरक पडतो, म्हणून त्यावर उपचार ठरवत नाहीत. मानेवरची मखमली काळपट कातडी, कमरेचा घेर आणि ट्रायग्लिसराइड यांतून तीच माहिती स्वस्तात मिळते. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) करा, पण हिमोग्लोबिनही सोबत पाहा: लोहाच्या कमतरतेने एचबीए१सी खरा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकतो.

साजिरी

वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांबद्दल कुणीतरी विचारणारच, म्हणून थोडक्यात. आतड्यातलं जीएलपी-१ रक्तात दोनेक मिनिटंच टिकतं. सेमाग्लुटाइड हे त्याचंच बदललेलं रूप, अर्धायुष्य सुमारे एक आठवडा. वजनासाठी आठवड्याला ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून दर चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि २.४ पर्यंत. मळमळ आणि बद्धकोष्ठ होऊ शकतात, घाईने मात्रा वाढवली तर जास्तच. मुख्य चाचणीत ६८ आठवड्यांत वजन १४.९ टक्के उतरलं, औषधाविना २.४ टक्के. बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश परत आलं. रानवारा यांनी वर सांगितलं तेच: औषध थांबलं की कणगी रिकामी झाल्याचा निरोप पुन्हा सुरू होतो.

जवळच्या नात्यात मेड्युलरी थायरॉईड कर्करोग असेल तर हे घेऊ नये. मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी बंद करावं. शस्त्रक्रिया ठरली तर भूलतज्ज्ञांना आधी सांगावं, कारण जठर उशिरा रिकामं होतं. वरच्या बाजूला, पाठीकडे जाणारी पोटदुखी थांबत नसेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जावं.

टीपकागद

मसुद्यात 'लेप्टिन वाढवणारे पदार्थ' असा एक रकाना आहे, एका जुन्या पत्रकातून घेतलेला. त्यात अळशी, अक्रोड, हिरवा चहा आणि लेप्टिनच्या कॅप्सुल आहेत. ठेवू?

रानवारा

काढून टाका. लेप्टिन हे प्रथिन आहे, तोंडाने घेतलं तर डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जातं. म्हणून ते इंजेक्शनानेच देतात. आणि ज्यांचं वजन जास्त आहे त्यांच्यात ते आधीच भरपूर असतं, वाढवून मिळवायचं काही नाही. अळशी-अक्रोड चांगले पदार्थ आहेत, ते साजिरी यांच्या प्रथिनांच्या तक्त्याशेजारी मापासकट ठेवा: अक्रोड रोज २५ ग्रॅमच्या आत. त्या रिकाम्या रकान्यात मोजपट्टी यांची टेप कुठे धरायची त्याची आकृती बसेल. कणगीचं उदाहरण अवश्य घ्या.